लांब शाखा आणि वितळलेल्या पॉलिथिनचा प्रवाह

इंग्लंडमधील विनिंग्टन येथे १९३३ साली फॉसेट व गिब्सन यांना अतिउच्च दाबाखाली जे पॉलिथिन मिळाले आणि झीग्लर यांनी १९५३ मध्ये उत्प्रेरकाच्या साह्याने कमी दाबावर जे तयार केले, त्या दोहोंत कार्बन व हायड्रोजन यांखेरीज काहीही नाही; तरीही वितळल्यावर ती वेगळी वागतात. झीग्लरच्या पद्धतीत साखळी जवळजवळ सरळ वाढते, तर उच्च दाबाच्या पद्धतीत वाढते टोक मागे वळून स्वतःच्याच साखळीतील हायड्रोजन हिरावून घेते तेव्हा चार-पाच कार्बनांची आखूड शाखा उरते, आणि दुसऱ्या साखळीतील हायड्रोजन हिरावला गेला तर तेथून नवी लांब शाखा फुटते.

वितळलेल्या अवस्थेत लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. सरळ साखळी या गुंत्यातून सापासारखी स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरपटते, हे द जेन यांनी १९७१ मध्ये मांडले. प्रयोगांत श्यानता, म्हणजे प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, रेणुभाराच्या सुमारे ३.४ व्या घातांकाने वाढताना दिसते, म्हणून रेणुभार दुप्पट होताच ती दहापटीहून अधिक होते. लांब शाखा असलेल्या रेणूला मात्र सरपटण्याची सोय नसते. त्याच्या प्रत्येक बाहूला गुंत्यातून मागे सांध्यापर्यंत आखडून पुन्हा नव्या वाटेने पसरावे लागते आणि यास लागणारा वेळ बाहूच्या लांबीनुसार घातांकी वेगाने वाढतो. ‘शाखा वाढल्या की श्यानता वाढते’ हे विधान म्हणूनच अर्धवट ठरते, कारण गुंतण्याइतपत लांब नसलेल्या शाखा रेणूला केवळ आटोपशीर करतात आणि तेवढ्याच रेणुभाराच्या सरळ साखळीपेक्षा श्यानता उलट घटते.

खरा फरक ताणताना उघड होतो. फिल्म बनवताना वितळलेल्या नळीत हवा भरून तिचा फुगा केला जातो. तो एखाद्या ठिकाणी पातळ होऊ लागला, तर लांब शाखांचे पॉलिथिन तेथेच अधिक ताठर होते, कारण दोन सांध्यांमधला भाग खेचला जात असताना दोन्हीकडचे बाहू गुंत्यात अडकून त्याला धरून ठेवतात. मॅक्लिश व लार्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेले ‘पॉम-पॉम’ प्रारूप याच कल्पनेवर उभे आहे. केवळ आखूड शाखांचे रेषीय पॉलिथिन चिवट असते, पण त्याचा फुगा डळमळतो आणि साच्यातून वेगाने ढकलल्यास पृष्ठभाग शार्कच्या कातडीसारखा खरबरीत होतो. दुधाच्या पिशव्यांसाठी दोन्ही प्रकार मिसळले जातात ते यामुळेच.

अशा लांब शाखा ओळखणे सोपे नसते. कार्बन-१३ चे चुंबकीय अनुस्पंदन हे तंत्र शाखा मोजते, परंतु सहा कार्बनांची शाखा व सहाशे कार्बनांची शाखा त्याला सारखीच दिसते. मेटॅलोसीन उत्प्रेरकांनी घडवलेल्या पॉलिथिनात दहा हजार कार्बनांमागे एखादी लांब शाखा असली, तरी अतिसंथ प्रवाहातील श्यानतेत तिचा सुगावा लागतो. मात्र रेणुभारांची विस्तृत विभागणीही कर्तन-प्रवाहात, म्हणजे थर एकमेकांवरून घसरतात अशा प्रवाहात, जवळपास तशीच लक्षणे दाखवत असल्याने, निष्कर्ष काढण्यापूर्वी तोच नमुना ताणूनही पाहावा लागतो.