मैनेचं अर्धं गाणं
(दिंडोरी इथं केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. सुरातलं मला कळत नाही. पण गाण्याला कात्री कुठं लागली हे कळतं, कारण ती आपल्याच कातडीला लागते.

काल इथल्या वरातीत बँडवाले 'माझी मैना' वाजवत होते. पोरं नाचली, मीही नाचलो. खोटं कशाला बोलू? कैक वर्षं मलाही ते नुसतं विरहाचं गाणं वाटायचं. गाणारे मैनेचं रूप तेवढं गायचे, तेवढंच कानावर पडायचं. गोदीतल्या एका म्हाताऱ्यानं अख्खी छक्कड म्हणून दाखवली, तेव्हा हातातला चहा निवून गेला.

अण्णाभाऊ साठे वाटेगावहून बापासोबत पायी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. 1944 साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजात ही छक्कड मैदानं हलवायची. त्यात गावी राहिलेली बायको आहे, पोटासाठी मुंबई गाठणारा नवरा आहे. आणि शेवटी मैना म्हणजे तोडलेला मुलूख: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. डांग काय लांब आहे? सुरगाण्यापलीकडं. 1960 साली तो गुजरातेत गेला.

हा शेवट कापला की उरतो साजशृंगार. भूक गेली, मुंबई गेली, लढा गेला. एक शब्द न बदलता अर्थ बदलला!

मग दुसऱ्याचं गाणं घेऊच नये? तसं नाही. आपल्या गायनपार्ट्यांनी सिनेमाच्या चाली उचलल्या आणि त्यात बाबासाहेब भरले. वामनदादा कर्डकांच्या जिल्ह्यात हे मी काय सांगावं! तीही उसनवारीच. पण तिनं मुक्याला आवाज दिला. कात्रीवाल्यांनी बोलत्याची जीभ छाटली. फरक आहे तो हा.

इथल्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याची माणसं घरदार मागं टाकून राबायला येतात. म्हणजे गाणं जुनं झालेलं नाही. खुशाल रॅपमध्ये गा, डीजेवर लावा, चाल मोडा. पण मैनेची भूक आणि तिचा मुलूख तिला परत द्या.

जय भीम.