आधी माती, मग रोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. अशा दिवशी गोड बोलावे असा रिवाज आहे. परंतु मी आपल्या एका चुकीपासून सुरुवात करणार आहे. गावाबाहेरच्या मुरमाच्या खदानीत मागच्या पावसाळ्यात आपण मोठ्या हौसेने चाळीस रोपे लावली. नारळ फोडला, फोटो काढला. पाडव्याला ऊसतोडीवरून बायका परतल्या, तेव्हा तेथे एकही रोप जिवंत नव्हते. कोणी बकऱ्यांना दोष दिला, कोणी उन्हाला. माझ्या मते दोष आपल्या समजुतीचा होता. आपण रोप लावले, पण त्याला माती कोठे दिली?

आपला बीड जिल्हा बालाघाटच्या काळ्या पाषाणावर वसलेला. येथे सोने किंवा लोखंड निघत नाही. निघते ती खडी आणि मुरूम. रस्ता होतो, घरे होतात, ते हवेच आहे. पण मुरूम काढण्याआधी वरचा वीतभर मातीचा थर खरडून फेकला जातो, आणि तोच थर जमिनीचा जीव असतो. पालापाचोळ्याचा कस, पाणी धरून ठेवणारा ओलावा, डोळ्यांना न दिसणारे जीवजंतू, सारे त्यातच. खडकाची झीज होऊन असा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तो गेला की उरतो तो नुसता सांगाडा. सांगाड्याला घास भरवून तो उठून बसत नाही.

मग अशी जमीन कायमची मेली काय? नाही. आपल्याच महाराष्ट्रात याचा दाखला आहे. नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. खाणीतून उपसलेल्या निकामी दगडमातीच्या ढिगांवर गवताची काडी उगवत नसे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या ढिगांवर झाडे वाढवून दाखविली. त्यांनी काय केले? साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड त्या ढिगांत मिसळला. हवेतला नत्र जमिनीत आणणारे जिवाणू आणि मुळांशी मैत्री करून त्यांना दूरचे अन्नपाणी पोचविणारी बुरशी रोपांना दिली. मग झाडे धरली, पाने गळली, पानांची माती झाली, आणि त्या मातीवर पुढची झाडे वाढू लागली.

भगिनींनो, तो प्रेसमड म्हणजे आपणच तोडलेल्या उसाचा गाळसाळ! आपण सहा महिने घरदार सोडून कोयता चालवतो; त्या उसाच्या टाकाऊ भागाने तिकडे ढीग हिरवे होतात. मग इकडची खदान का होऊ नये?

मात्र आपली अडचण वेगळी आहे. रोपाला पाण्याची खरी गरज कार्तिकापासून वैशाखापर्यंत, आणि नेमके तेव्हाच अर्धे गाव बाहेर. मागे राहतात म्हाताऱ्या आणि लेकरे. त्यांनी खदानीपर्यंत हंडे वाहावेत असे म्हणणे मला तरी पाप वाटते. म्हणून काम असे करावे की पाणी घालावेच लागू नये.

पहिल्या वर्षी झाड लावायचेच नाही. उताराला आडवे दगडी बांध घालू, म्हणजे पावसाचे पाणी पळणार नाही. आटलेल्या तलावातला गाळ टाकू, त्यात शेणखत मिसळू. मृगाच्या पावसावर पवना, मारवेल यांसारखे गवत आणि थोडी तूर, मटकी पेरू. डाळीच्या पिकांच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात. जनावरे आत सोडायची नाहीत. गवत कापून घरी न्यायचे. दुसऱ्या वर्षी सीताफळ. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपणांस ठाऊक आहेच. ते मुरमाड रानात तग धरते आणि बकरी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. दिवाळीत फळ खाऊन बिया राखेत घोळून ठेवाव्यात आणि कोयत्यावर निघण्यापूर्वी मंडळाकडे द्याव्यात. पुढच्या पावसाळ्यात त्या पेरू. सोबत करंज, कडुनिंब आणि बाभूळ.

हे उपकाराचे काम नव्हे. 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाणकाम संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत उगवून देण्याची अट खाणपट्टेदारांवर घालावी. 2015 च्या कायदा-दुरुस्तीने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानेही आली. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत आपण दोन प्रश्न विचारू: या खदानीचे पुढे काय, आणि नव्या खदानीची वरची माती बाजूला काढून ठेवणार की नाही?

वर्धापनदिनाच्या शिलकीतून यंदाही रोपे घ्यावीत, अशी सूचना आली आहे. माझी नम्र विनंती आहे, यंदा त्या पैशांत गाळ वाहून आणावा. फोटोत तो शोभणार नाही. पण पाडव्याला आपण परत येऊ, तेव्हा खदानीत पाहण्याजोगे काही उरलेले असेल.