झोप आपली, राखण घरच्यांची
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सुचवलं होतं, 'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल.' मी म्हटलं, एआयला झोप लागत नाही, आपल्याला लागते. निदान लागायला हवी. चाळिशी ओलांडलेल्या आपल्या वर्गाला त्या विषयाची जास्त गरज आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. म्हणून यंत्र कसं चालतं तेवढं सांगते. तपासणी आणि उपचार डॉक्टरांकडेच.

सांगवीकरांना शिफ्ट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आपल्यातल्या कित्येकांचे वडील पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या कंपन्यांत फर्स्ट, सेकंड, नाइट करत होते. 'बाबांची नाइट आहे' म्हटलं, की दुपारी घरात रेडिओ बंद, पोरं अंगणात. आज आपल्यातले काही चाकणला तेच करतात. आणि हिंजवडीवाल्यांचीही शिफ्टच आहे, फक्त तिला कोणी शिफ्ट म्हणत नाही. कॅलिफोर्नियात सकाळी १० ची मीटिंग म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा!

आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते कसं चालतं याच्या शोधासाठी २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना मिळालं. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून हे घड्याळ रोज लावलं जातं. बहुतेकांचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित जास्त लांबीचं असतं. त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. म्हणूनच फर्स्टनंतर सेकंड आणि मग नाइट हा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपा पडतो. वर्गात जे सुपरवायझर किंवा एचआरमध्ये आहेत, त्यांनी शिफ्टचा चार्ट लावताना एवढं लक्षात ठेवावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. घाबरवायला सांगत नाही. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. पण रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप ही चैन नव्हे, हे घराने मानायला हवं. सकाळी घरी येताना शक्य तर कंपनीच्या बसने यावं आणि डोळ्यांवर गॉगल असावा. खोलीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि मिक्सर, बेल, कुरिअर यांची जबाबदारी बाकीच्यांची. आपल्या आयांनी हे कुठल्याही पुस्तकाशिवाय केलं होतं.

आता घोरण्याबद्दल. 'काय गाढ झोपतो बघा' असं आपण हसून म्हणतो. पण घोरणं मध्येच थांबतं, काही सेकंद श्वासच येत नाही आणि मग माणूस धाप लागल्यासारखा दचकतो, तेव्हा ती गाढ झोप नसते. घशाचा मार्ग बंद होत असतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला ३० किंवा जास्त वेळा असं झालं, तर तो तीव्र प्रकार. मेंदू दर वेळी अर्धवट जागा होतो, म्हणून आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड आणि दिवसभर डुलक्या. रक्तदाब, हृदय, पक्षाघात यांच्याशी याचा संबंध आहे. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं होतं. झोपेची चाचणी करून निदान होतं आणि नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राने आराम पडतो. वजन आटोक्यात ठेवणं आणि रात्रीची दारू बंद करणं, यानेही फरक पडतो.

अडचण एकच आहे. झोपलेल्याला स्वतःची झोप दिसत नाही. ती शेजारी झोपणाऱ्याला दिसते. मोबाइलवर एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करा आणि डॉक्टरांना ऐकवा. थट्टेसाठी ग्रुपवर टाकू नका!

मैत्रिणींनो, आता आपलं. सगळ्यांच्या झोपेची काळजी घेणाऱ्या बाईला 'तुला झोप लागते का' असं सहसा कोणी विचारत नाही. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, याला नाव आहे आणि बऱ्याचदा त्यामागे लोहाची कमतरता असते. मासिक पाळी थांबण्याच्या वयात घामाने जाग येते आणि त्यानंतर ॲप्नियाचा धोका स्त्रियांतही वाढतो. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल, तर तो निद्रानाश आहे. शेजारणीची गोळी घेऊ नका. सवयी आणि विचार बदलण्याची शास्त्रशुद्ध उपचारपद्धत आहे आणि डॉक्टर आधी तीच सुचवतात.

सवयी साध्या आहेत. उठायची वेळ रोज एकच. सकाळी थोडं उन्हात चालणं. चहा-कॉफीचा परिणाम कित्येक तास राहतो, म्हणून शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी. दुपारची डुलकी वीस मिनिटांची. अंथरुणात लॅपटॉप नाही.

शेवटचं, आणि आजच्यापुरतं सगळ्यात महत्त्वाचं. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. मेळाव्यासाठी पहाटे पाचला उठलेल्यांचे रात्री दहाला १७ तास होतात. तोंडाला श्वासयंत्र लावून पोलिसांना ही झोप पकडता येत नाही, आणि चालवणारा तर 'मला काही झालेलं नाही' असंच म्हणतो. तेव्हा मुंबई, नाशिक, कोल्हापूरवाल्यांनो, जेवण झाल्यावर निघायची घाई करू नका. सांगवीत आपल्या मित्रमैत्रिणींची घरं आहेत, गाद्या आहेत. आणि कोणी हट्ट केलाच, तर बाकीच्यांनी गाडीची किल्ली काढून घ्या. शाळेत डबे काढून घेत होतो, तशीच.