पिवळ्या रेषेची साक्ष

स्टोव्हवरच्या पातेल्यातले आधणाचे खारट पाणी उतू जाऊन जाळावर सांडले, म्हणजे ती निळी ज्योत क्षणभर जी पिवळीधमक होते, ती मिठातील सोडियमच्या अणूंनी उमटवलेली, अन्य कोणत्याही मूलद्रव्याला नक्कल न करता येणारी मोहोर होय. आचेने अणूतील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतो आणि उतरताना त्या दोन पातळ्यांतील फरकाइतकीच ऊर्जा प्रकाशरूपाने परत करतो. तोच अणू तुलनेने थंड वायूत असला, तर येणाऱ्या प्रकाशातून नेमका तेवढाच अंश शोषून घेतो, व वर्णपटात तेथे काळी रेघ पडते.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूर येथे जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने सूर्यज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. त्या ज्वालांची एक पिवळी रेषा प्रथम सोडियमचीच वाटली. परंतु सोडियमची जोडरेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास आणि ही ५८७.६ वर, आणि एवढ्याशा तफावतीच्या आधारावर इंग्लंडात लॉकियर या ज्योतिर्विदाने ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची ठरवली, हे धैर्य मला आजही थक्क करते. हेलियम हे त्याचे नाव. १८९५ साली रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला तो युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत सापडला, आणि त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा, तिच्या त्याच जागी, उभी होती.