पट उरला, डाव हरवला



छोट्या नियतकालिकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण पटावरच्या आणि पत्त्यांच्या खेळांचं त्रैमासिक चालवणाऱ्या माणसाला दिलंत. पन्नासच्या दशकातल्या ‘शब्द’पासून अशोक शहाणे यांच्या ‘असो’पर्यंत छोट्या नियतकालिकांनी मराठी साहित्याला काय दिलं, ते इथे कुणाला सांगायला नको. त्या पंगतीत सोंगट्या आणि फासे घेऊन आलेल्या नियतकालिकाला आपण जागा दिलीत, याचं मोल मला फार वाटतं.

खेळांवर दर तीन महिन्यांनी लिहिण्यासारखं असतं तरी काय, असं मला नेहमी विचारलं जातं. त्याचं उत्तर आज सविस्तर देतो, कारण आमचं सगळं काम त्या उत्तरावर उभं आहे.

आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन शहरात १९२०च्या दशकात लिओनार्ड वुली यांनी राजघराण्याच्या कबरी उकरल्या. तिथे शिंपल्यांचं जडावकाम केलेले खेळाचे पट सापडले. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. वीस घरं, सोंगट्या, फासे, सगळं मिळालं. खेळायचं कसं, तेवढं मिळालं नाही. पुढे ब्रिटिश म्युझियममधले अर्विंग फिंकेल यांनी बॅबिलोनच्या एका लेखनिकाची मातीची पाटी वाचली. ती इसवी सनापूर्वी १७७च्या सुमारास लिहिलेली आहे, म्हणजे त्या पटांनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. तिच्यात या खेळाच्या नियमांचा धागा होता, म्हणून आज तो पट मांडून बसता येतं. मूळ उरमध्ये अगदी तसाच खेळत असतील का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण डाव पुन्हा सुरू झाला, तो त्या लेखनिकामुळे. युरोपात असंच काम कार्ल लिनियस यांच्या हातून झालं. ते वनस्पती शोधायला १७३२ साली लॅपलँडमध्ये गेले आणि तिथे पाहिलेला ‘टॅब्लुट’ हा खेळ त्यांनी रोजनिशीत टिपून ठेवला. उत्तर युरोपातल्या त्या जुन्या खेळांच्या कुळाची पुनर्मांडणी करताना अभ्यासक आजही मुख्यतः त्याच टिपणाचा आधार घेतात.

पट दगडाचा असतो, लाकडाचा असतो, तो टिकतो. नियम माणसांच्या तोंडी असतात, ते माणसांबरोबर जातात. आपल्याकडे लेण्यांच्या फरशीवर, किल्ल्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेले पट आणि खळगे पाहिले नाहीत असा भटक्या विरळा. तिथे कुणी तरी पहाऱ्याच्या, विश्रांतीच्या वेळात खेळत होतं, एवढं नक्की. पण त्या पटांपैकी कितींचा डाव आज आपल्याला ठाऊक आहे? औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मांनी १८७१ साली ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. खेळ मनावर घेऊन लिहून ठेवणारा माणूस मराठी मुलखात होऊन गेला याचा मला अभिमान वाटतो, आणि त्यांच्यानंतर हे काम सलगपणे कुणी चालवलं नाही याची खंतही वाटते. आमचं त्रैमासिक त्या खंतेतून निघालं.

सावंतवाडीच्या गंजिफाचं उदाहरण घ्या. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं. सावंतवाडीच्या राजघराण्याने चितारी कलावंतांना हाताशी धरून ही कला जगवली, आणि आज तो गोल, लाखेने चमकणारा पत्ता जगभरचे संग्राहक हौसेने विकत घेतात. कला वाचली. खेळाचं काय? डबा घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवणारे खूप, आणि पानं वाटून बसणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके.

गंजिफावरच्या अंकासाठी आम्ही कोकणातल्या एका वृद्ध खेळाडूंकडे जाऊन बसलो. आजोबा, नियम सांगा, म्हटलं तर ते दोन वाक्यांत थांबायचे. त्यांना नियम येत नव्हते असं मुळीच नाही. ते त्यांच्या हातात होते, जिभेवर नव्हते. मग आम्ही मुद्दाम चुकीचं पान टाकायला लागलो. लगेच आजोबा खवळायचे आणि एक नियम बाहेर पडायचा. निम्म्या रंगांत दहा मोठा, उरलेल्या निम्म्या रंगांत क्रम उलटा आणि एक्का मोठा, हे असं एकेका चुकीतून लिहून झालं. संध्याकाळ झाली तरी आमची उतारी रामाच्या राजावरूनच चालली होती. तेव्हा ते म्हणाले, “दिवे लागले की नाही? आता रामाचा कसला? कृष्णाचा राजा कुणाकडे आहे ते बघा.” दिवसा राम, रात्री कृष्ण! पट्टीच्या खेळाडूला यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, आणि म्हणूनच ते कागदावर यायचं राहून जातं. खेळाचं नियतकालिक चालवणाऱ्याने प्रश्न विचारून थांबू नये, डाव मांडून बसावं, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक नव्या लेखकाला सांगतो.

आता या धंद्यातल्या थोरल्या भावंडांकडे येतो. छोट्या नियतकालिकाने काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगतो. अ‍ॅलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने ‘डिप्लोमसी’ हा खेळ १९५४च्या सुमारास रचला आणि १९५९ साली स्वतः छापून विकला. सात खेळाडू लागतात, आणि डाव तासन्‌तास चालतो. सात माणसं एका खोलीत कशी जमायची? १९६३ साली ब्रुकलिनच्या जॉन बोर्डमन यांनी ‘ग्राउस्टार्क’ नावाचं पत्रक काढलं. खेळाडूंनी आपल्या खेळ्या टपालाने कळवायच्या आणि संपादकाने त्या पुढच्या अंकात छापायच्या. अंक हाच पट झाला. त्याचं बघून अशी पत्रकं ठिकठिकाणी निघाली. खेळाचे जनक कॅलहॅमर पुढे पोस्टमन म्हणून नोकरीला होते, हे वाचल्यापासून त्या माणसाबद्दल मला विशेष आपुलकी वाटते. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी १९७५ साली ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ सुरू केलं. लिहिणाऱ्यांनी आपली पानं पाठवायची आणि त्यांनी ती एकत्र बांधून सगळ्यांना रवाना करायची. भूमिका घेऊन खेळायच्या खेळांवरची ही चर्चा त्यांनी सुमारे पन्नास वर्षं चालवली. महिन्यामागून महिने, पानं गोळा करायची, लावायची, पाठवायची. ज्यांनी घरच्या जमिनीवर अंकांचे गठ्ठे लावले आहेत, त्यांना या कामाचं वजन कळेल.

त्याच वर्षी लंडनमध्ये तीन मित्रांनी ‘आउल अँड वीझल’ हे छोटं पत्रक काढलं. इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक. त्याची एक प्रत अमेरिकेत पोचली, आणि तिकडून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नव्या खेळाची पेटी आली. यांनी सहा पेट्या मागवल्या, आणि तेवढ्यावर त्यांना युरोपातल्या वितरणाचे हक्क मिळाले! त्यातून वाढलेली त्यांची गेम्स वर्कशॉप ही आज मोठी कंपनी आहे. जर्मनीत १९८१ साली ‘श्पीलबॉक्स’ हे नियतकालिक निघालं. त्याच्या वाचकांचा मेळावा १९८३ साली एसेन शहरात भरला. आज त्याच शहरात दर वर्षी ऑक्टोबरात भरणाऱ्या खेळांच्या जत्रेला दोन लाखांच्या आसपास माणसं येतात.

या गोष्टीची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. ‘आउल अँड वीझल’च्या जागी १९७७ साली ‘व्हाइट ड्वार्फ’ आलं. सुरुवातीला त्यात सगळ्यांच्या खेळांवर लेख असत. ऐंशीचं दशक संपता संपता ते फक्त स्वतःच्या कंपनीच्या मालाविषयी बोलू लागलं. अंक देखणा झाला, खप वाढला, पण वाचकाला ‘हा खेळ घेऊ नका’ असं सांगणारा आवाज गेला. खेळ बनवणाराच मासिकाचा धनी असेल तर दुसरं काय होणार? म्हणून आमच्याकडे परीक्षणाचा नियम कडक आहे. खेळ विकत घ्यायचा. वेगवेगळ्या मंडळींबरोबर निदान तीनदा खेळायचा, त्यात एकदा तरी घरातल्या लहान मुलांबरोबर. मगच लिहायचं. परीक्षण आधी दाखवा, मग पानभर जाहिरात देतो, असं एका उत्पादकाने सुचवलं होतं. ते पान आम्ही घेतलं नाही. त्या अंकाचा एक फर्मा कमी झाला आणि वर्गणीदारांनी तो विनातक्रार स्वीकारला.

खेळाचा अंक छापणं हे इतर अंक छापण्यापेक्षा वेगळं पडतं, आणि त्याबद्दल इथल्या तरुण संपादकांशी मला सविस्तर बोलायचंय. आमच्या मधल्या जोडपानावर नेहमी एक पट असतो. खेळाबद्दल वाचून झालं की पान उघडायचं, घरातली बटणं किंवा चिंचोके घ्यायचे आणि बसायचं. अंकाबरोबर खेळ द्यायची ही वाट अमेरिकेतल्या ‘स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स’ने जिम डनिगन यांच्या काळात, साठच्या दशकाच्या शेवटी, रुळवली. मराठीत ती आणताना आम्हाला पिना आडव्या आल्या. मध्यभागी पिनांनी शिवलेल्या अंकात घडी पटाच्या बरोबर मधून जाते. चौपटाचं मधलं घर घडीवर येतं, सोंगटी कलंडते आणि पिनेच्या टोकाला बोट लागतं. शेवटी आम्ही पट जोडपानाच्या एका बाजूला घेतला, दुसऱ्या बाजूला नियम ठेवले आणि त्या पानापुरता जाड कागद वापरायला लागलो. छापखान्यातल्या फोरमननी हा तोडगा काढला. छोट्या नियतकालिकाच्या श्रेयनामावलीत छापखान्यातल्या माणसांची नावं आली पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियमांचं मुद्रितशोधन ही तर वेगळीच विद्या आहे. कथेत एखादा शब्द चुकला तर वाचक सावरून घेतो. नियमात चुकला तर डाव अडतो. नवकंकरी घ्या. चोवीस ठिकाणं, दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या, एका ओळीत तीन लागल्या की समोरच्याची एक उचलायची. सरळ वाटतं. पण कोणती उचलायची? समोरच्याच्या लागलेल्या ओळीतली उचलता येते का? बाहेर एकही सोंगटी नसेल तर? तिरक्या ओळी धरायच्या की नाहीत? हे चार प्रश्न सुटले नाहीत तर खेळणाऱ्यांत भांडण ठरलेलं. छापण्याआधी आमचा मसुदा अशा घरात जातो जिथे तो खेळ कुणालाच येत नाही. आम्ही शेजारी बसतो आणि एक शब्द बोलत नाही. वाचणारा जिथे मान वर करून आमच्याकडे बघतो, तिथे वाक्य कच्चं आहे असं समजायचं.

आणि वाचकांची पत्रं! नवकंकरी आली की साताऱ्याकडची रीत वेगळी, विदर्भातली वेगळी, गोव्यातून आणखी तिसरी. आम्ही कुणालाही खोटं ठरवत नाही. गावाचं नाव घालून सगळ्या रीती छापतो. मात्र इतिहासाचा दावा आला की पुरावा मागतो. सापशिडी संत ज्ञानेश्वरांनी निर्माण केली, हे आपल्याकडे शाळेच्या फळ्यापासून भाषणांपर्यंत सर्रास सांगितलं जातं. आज उपलब्ध असलेले ज्ञानचौपड आणि मोक्षपटाचे पट ज्ञानेश्वरांनंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. तेराव्या शतकातला आधार कुणी दाखवला तर मी पहिल्या पानावर छापीन. तोवर ती श्रद्धा म्हणून आदराने नोंदवली जाईल, इतिहास म्हणून नाही. यावरून काही वर्गण्या बंद झाल्या. त्याचं वाईट वाटलं, पण धोरण बदललं नाही.

पैशांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण इथे सगळ्यांचं दुखणं एकच आहे. कागद आणि टपाल हे आपले दोन मोठे खर्च. वृत्तपत्रांना टपालात मिळणारी सवलत १८९८च्या पोस्ट कायद्यात अंकांतलं अंतर एकतीस दिवसांहून जास्त नसण्याच्या अटीवर होती. त्रैमासिकं त्यात कधी बसलीच नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्टही बंद झालं. एकाच गावाला जाणारे पाच नियतकालिकांचे अंक एका गठ्ठ्यात पाठवून तिथल्या एखाद्या ग्रंथालयातून किंवा दुकानातून वाटले, तर सगळ्यांचाच भार हलका होईल. पुण्या-मुंबईबाहेर हे लगेच सुरू करता येईल.

त्याहून तातडीची गोष्ट दुसरी आहे. १९५४चा ग्रंथ-प्रदान कायदा १९५६ पासून नियतकालिकांनाही लागू आहे. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना आपला प्रत्येक अंक गेला पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळ जण टपालखर्चाच्या भीतीने हे टाळतात. मग वीस वर्षांनी एखादा अभ्यासक येतो, आणि अंक फक्त संपादकाच्या माळ्यावर, वाळवीच्या तावडीत उरलेला असतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचं १८९८ पासून उभं आहे. अशा संस्थांनाही आपण होऊन संच द्यावेत. ज्यांच्या अंकांत बोलीतलं, हस्तकौशल्यातलं, खेळातलं, स्वयंपाकातलं असं आहे जे दुसरीकडे कुठेही छापलेलं नाही, त्यांनी तर आधी.

दुपारच्या सत्रात प्रवेशदाराजवळच्या टेबलावर दोन वह्या ठेवलेल्या असतील. एकीत एकत्र टपालासाठी आपापल्या वर्गणीदारांची गावं लिहावीत. पत्ते नकोत, फक्त गावं आणि प्रतींची संख्या. दुसरीत आपल्याकडे सुरुवातीपासूनचे कोणते अंक शिल्लक आहेत आणि कोणते नाहीत, ते लिहावं. कुणाचा हरवलेला अंक दुसऱ्याच्या कपाटात सापडला तर इथेच देवाणघेवाण होईल. माझ्या अंकांची यादी मी सकाळीच लिहून ठेवली आहे.