दिवेलागणीचीं छायाचित्रें

सूर्य मावळला कीं कॅमेरा पिशवींत घालावयाचा, असा बहुतेक हौशी छायाचित्रकारांचा परिपाठ असतो. वस्तुतः दिवेलागणीस प्रकाश नाहींसा होत नाहीं, तो बदलतो. हा बदल ज्यास उमगला, त्यास दिवसभरांत न मिळणारें चित्र त्या घटकेंत मिळतें.

सूर्य क्षितिजाखालीं ६ अंश जाईपर्यंतच्या काळास नागरी संधिप्रकाश म्हणतात. मुंबईस तो सुमारें २२ ते २४ मिनिटें टिकतो. पॅरिसला जूनमध्यें ४० मिनिटांहूनही अधिक. या अवधींत माथ्यावरचें आकाश गडद निळें दिसतें, त्याचें बरेंचसें श्रेय ओझोन वायूस आहे. तिरप्या किरणांना वातावरणांतून लांबचा प्रवास करावा लागतो, आणि त्या वाटेवर हा वायू त्यांतील नारिंगी व तांबड्या प्रकाशाचा कांहीं अंश शोषून घेतो. याच सुमारास रस्त्यांतील दिवे लागतात. आकाशाचा उजेड उतरत उतरत दिव्यांच्या बरोबरीस येतो, तेवढीं थोडकीं मिनिटेंच खरीं मोलाचीं. त्याआधीं दिवे निस्तेज भासतात. त्यानंतर आकाश काळें पडून इमारतींच्या कडा त्यांत बुडून जातात. म्हणून तिवई आधींच रोवून वाट पाहणारासच हें चित्र साधतें.

पुढें रात्र पडली म्हणजे निराळी विद्या लागते. तिचा मोठा जाणकार ब्रासाई. त्याचें मूळ नांव ग्यूला हालास. ट्रान्सिल्व्हानियांतील ब्राशो या आपल्या जन्मगांवावरून त्यानें हें नांव घेतलें. पॅरिसच्या रात्रींचा त्याचा चित्रसंग्रह १९३२-३३ च्या हिवाळ्यांत प्रसिद्ध झाला. भिंग किती वेळ उघडें ठेवावें, याचें माप तो सिगारेटीवरून घेई: साध्या उजेडास एका जातीची, अंधार दाट असल्यास दुसरी जाड सिगारेट. दिव्याची झगमग काचेवर पसरूं नये म्हणून तो दिवा झाडाच्या बुंध्याआड किंवा खांबाआड येईल अशी जागा निवडी. धुकें व पाऊस त्यास अडचण वाटत नसत. ओला रस्ता उजेड परतवितो आणि धुकें काळ्यापांढऱ्यांतील कठोर विरोध सौम्य करतें.

फिल्मवर काम करणारानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्रकाश फार मंद असला कीं फिल्मची ग्रहणशक्ति घटते. दुप्पट वेळ दिल्यानें दुप्पट परिणाम मिळत नाहीं. कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन ज्योतिर्विदानें या घटीचा नियम मांडला. चंद्राचा प्रकार याच्या उलट. त्याच्या पृष्ठावर प्रत्यक्ष ऊन पडलेलें असल्यामुळें पूर्णचंद्रास दिवसाइतकाच अल्प वेळ पुरतो. पण त्याच्या चांदण्यांतील शेत मात्र उन्हांतील शेतापेक्षां सुमारें ४ लक्ष पटींनीं अंधुक असतें. एकाच चित्रांत दोन्ही साधणें म्हणूनच दुर्घट.

आजच्या मोबाईलमध्यें हे श्रम उरलेले नाहींत. तो अनेक चित्रें क्षणांत टिपून त्यांचें एक करतो आणि मध्यरात्रीची गल्ली तिसऱ्या प्रहरासारखी उजळून दाखवितो. सोय मोठी खरी. परंतु पन्नास वर्षांनीं तें चित्र पाहणारास त्या गल्लींत एकच दिवा होता, आणि त्याच्या उजेडापुरतींच माणसें जमून बसत, हें कसें कळावें? काळोख हाही त्या दृश्याचा भागच आहे. यास्तव मोबाईलनें दिलेला उजेड हातानें थोडा उतरवावा, एखादा कोपरा काळा राहूं द्यावा. रात्रीचें चित्र रात्रीचेंच दिसलें, तरच तें खरें.