गव्हाच्या वेषातले गवत

डिसेंबर सरता सरता कर्नाल किंवा कुरुक्षेत्राच्या बाजूचे गव्हाचे शेत बांधावरून पाहिले, तर ते एकरंगी आणि एकजीव दिसते. पाहणाऱ्याचे समाधान होते व तो पुढे जातो. परंतु त्या हिरवेपणात पुष्कळदा दोन वनस्पती नांदत असतात, आणि त्यांतील एकच शेतकऱ्याने पेरलेली असते. दुसरीला हरियाणात मंडूसी किंवा कनकी म्हणतात, पंजाबात गुल्ली डंडा म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव फॅलॅरिस मायनर. मराठी मुलखातला विटीदांडू तोच तिकडचा गुल्ली डंडा. उंच काडीच्या टोकावर बसलेली आखूड, भरीव ओंबी पाहिली की नावाचा उलगडा होतो. मात्र या नावातच एक अडचण दडलेली आहे. ओंबी दिसू लागते तेव्हा हिवाळा सरत आलेला असतो, गव्हाच्या वाट्याचे खतपाणी या गवताने केव्हाच घेतलेले असते, आणि गहू कापणीला येण्यापूर्वी त्याचे पुष्कळसे बी जमिनीवर झडूनही जाते. लोकांनी त्याला नाव दिले ते त्याचा डाव साधल्यानंतर. ओळख हवी असते ती त्याच्या दोन महिने आधी.

गाजर गवताची गोष्ट वेगळी. ते नावाचेच गवत. त्याचे कूळ सूर्यफुलाचे, आणि पांढऱ्या फुलांनी ते आपली दवंडी आपणच पिटते. खऱ्या गवताला गव्हात लपणे सोपे, कारण गहू हेही एक गवतच. पिकाशी ज्याचे साम्य अधिक ते तण खुरपणीतून अधिक वाचते, असा हा व्यवहार हजारो वर्षे चालत आलेला आहे. राय हे धान्य मुळात गव्हाच्या शेतातले तण होते व असेच वाचत वाचत पुढे पीक होऊन बसले, असे मत रशियन शास्त्रज्ञ वाव्हिलॉव्ह यांनी मांडले होते. मंडूसीला तो मान मिळण्याची चिन्हे नाहीत.

तिला ओळखायचे तर शेतात उतरून वाकावे लागते. पाते जेथे काडीला बिलगते, त्या सांध्याशी गव्हाला दोन लहान, केसाळ कान असतात. ते काडीला मिठी मारल्यासारखे दिसतात. मंडूसीला हे कान नसतात. तिच्या सांध्याशी पांढुरका, पातळ पापुद्रा तेवढा उठून दिसतो. पात्याचा रंगही किंचित फिका. पण सर्वांत भरवशाची खूण बुडाशी आहे. रोप मुळासकट उपटून पाहिले तर जमिनीलगतचा भाग तांबूस दिसतो, आणि तेथे काडी मोडली तर लालसर रस येतो. गव्हाच्या काडीतून असा रस येत नाही. ही खूण शेतमजूर बायकांना चांगली ठाऊक असते. अधिकाऱ्यांना बहुधा त्यांच्याकडूनच शिकावी लागते.

हे गवत मूळचे भूमध्य समुद्राच्या काठचे. १९६६ साली मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आले, त्याबरोबर ते भारतात शिरले, असा समज सर्वत्र आढळतो. समज सोयीचा आहे, कारण त्यात दोष परक्याचा ठरतो. परंतु उत्तर भारतातील या गवताची नोंद त्याआधीच्या, इंग्रजी अमदानीतील वनस्पतिवर्णनांतही सापडते. १९६६ नंतर बदलली ती शेते. बुटक्या गव्हामुळे तणाला ऊन मिळाले. पाणी आणि खत मुबलक झाले. गव्हाच्या आधी भात घेण्याची रीत पडली. भाताच्या साचलेल्या पाण्यात इतर कित्येक तणांचे बी कुजते, मंडूसीचे टिकते. घरातच असलेल्या पाहुण्याला यजमानाने पाट मांडून दिला, असे हे झाले.

मग आयसोप्रोट्यूरॉन हे तणनाशक आले. १९८० नंतरच्या दशकात त्याने मोठा दिलासा दिला. ते स्वस्त होते, आणि गव्हाला धक्का न लावता मंडूसीला मारीत होते. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे तेच एक औषध वापरले. १९९० नंतर मात्र हरियाणातून तक्रारी येऊ लागल्या, की औषध मारूनही तण मरत नाही. अशा तक्रारीला ठरलेली उत्तरे असतात. औषध भेसळीचे असेल, पाणी कमी घातले असेल, वेळ चुकली असेल. काही ठिकाणी ती खरीही असतील. परंतु तक्रार तर वाढतच गेली. १९९३ च्या सुमारास अनेकांना उभा हिरवा गहू वैरण म्हणून कापावा लागला. वर्षाचे अन्न जनावरांपुढे टाकणाऱ्या माणसाला फवारणीचे धडे देणे किती व्यर्थ असते, हे सांगायला नको.

हिसारच्या कृषी विद्यापीठातील आर. के. मलिक आणि समुंदर सिंग या शास्त्रज्ञांनी ही तक्रार खरी मानून तपासली. तक्रारीच्या शेतांतले मंडूसीचे बी आणि जेथे हे औषध फारसे वापरले गेले नव्हते तेथले बी शेजारी शेजारी वाढवून दोहोंवर सारखीच मात्रा दिली, की औषधाचा दोष की तणाचा गुण हे उघड होते. दोष औषधाचा नव्हता. तणच बदलले होते. त्यांचा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तणाने तणनाशकाला दाद न देण्याचा भारतातील हा पहिला सिद्ध प्रकार ठरला. पुढील संशोधनात आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. गहू हे औषध आपल्या पेशींत मोडून टाकतो, म्हणून तो वाचतो. मंडूसीच्या निर्ढावलेल्या वाणाने हेच साधले होते. रूप गव्हाचे होतेच, आता गुणही त्याचाच.

१९९७-९८ च्या सुमारास नवी औषधे आली. नांगरट न करता भाताच्या धसकटांतच गहू पेरण्याची पद्धतही त्याच सुमारास पसरली. माती कमी हलली की मंडूसी कमी उगवते, आणि पेरणी लवकर झाली तर थंडी वाढण्यापूर्वी गहू तिच्या पुढे निघून जातो. त्याने बराच आधार मिळाला. तथापि नव्या औषधांनाही न जुमानणारी मंडूसी पुढच्या दशकात आढळू लागली. म्हणजे या गवताची वर्दी एकदा देऊन भागत नाही.

ती वर्दी कशी द्यावी, याविषयी मात्र फार थोडे सांगितले जाते. देशात आज सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र घेणारा फोन आहे. तरी नुसत्या हिरव्या पात्याच्या छायाचित्रावरून कोणीही काही सांगू शकत नाही. पात्याचा सांधा बोटावर धरून जवळून घेतलेले छायाचित्र उपयोगी पडते. त्याहून बरे म्हणजे मुळासकट रोप, माती झाडून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवलेले. आणि औषधाने मेले नाही अशी शंका असेल, तर शेवटी वाचलेल्या झाडांच्या ओंब्या पिकत आल्या की त्या हाताने चोळून निघालेले बी कागदी पाकिटात घालावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याला बुरशी येते. पाकिटावर गाव, शेत आणि तारीख लिहावी, आधीचे पीक कोणते ते लिहावे, आणि मागच्या तीन-चार हिवाळ्यांत कोणते औषध किती मारले तेही लिहावे. हा शेवटचा तपशील शेतकरी बहुधा विसरतो, आणि विचारणाराही विचारायचे विसरतो. पाकीट केंद्रावर पोचते करून त्याची पोच घ्यावी, आणि पुढची पेरणी येण्याच्या आत उत्तर मागायला पुन्हा जावे.